कशाचे टक्के?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या सिंदीत तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशीचा मान शेतातल्या बैलांचा, दुसऱ्या दिवशीचा लेकरांच्या लाकडी नंदींचा. चाकं लावलेले, झुली पांघरलेले, शिंगांना बेगड चिकटवलेले नंदी दोरीनं ओढत पोरं घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा पंचक्रोशीत नावाजलेला. त्या दिवशी गावात पाहुण्यांची वर्दळ असते.

अशाच एका संध्याकाळी मी सरांच्या ओट्यावर बसले होते. सर माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, मी कला शाखेच्या मुलांना मराठी शिकवणारी. नव्या शैक्षणिक धोरणात बी.ए.च्या विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचा एखादा खुला वैकल्पिक विषय घ्यावा लागतो. आमच्या महाविद्यालयात त्यासाठी 'व्यावहारिक गणित' ठेवायचं घाटत होतं. मसुदा सरांनी केला होता, अभिप्राय मी द्यायचा होता. माझा अभिप्राय विरोधाचा होता, आणि तो लेखी देण्याआधी त्यांना तोंडावर सांगावा म्हणून मी गेले होते.

तेवढ्यात सात पोरं एक नंदी घेऊन आली. सरांनी पन्नासाची नोट दिली. पुढे उभी असलेली दुसरी-तिसरीतली पोर म्हणाली, "सात-सात रुपये. एक उरला." मागून कोणी तरी विचारलं, "एक कोणाचा?" ती म्हणाली, "दोरी धरणाऱ्याचा." नंदी पुढच्या घराकडे निघाला.

मी : पाहिलंत सर? हिला बाकीचा भागाकार कोणी शिकवला? दहा-बारा वर्षांनी हीच पोर माझ्यासमोर प्रवेशाचा अर्ज घेऊन उभी राहील आणि पहिला प्रश्न विचारेल, "मॅडम, बी.ए.ला गणित नाही नं?" जी मुलं गणितापासून कशीबशी सुटून आमच्याकडे आली, त्यांना तुम्ही पुन्हा तिथंच नेऊन बसवणार. माझा विरोध आहे.

सर : असू दे. पण काहून विरोध, ते नीट सांग.

मी : एक तर ही मुलं विचार करून कला शाखा निवडतात. त्या निवडीचा मान ठेवला पाहिजे. कला शाखेकडे जाणाऱ्यांना गणित ऐच्छिक करता येईल का, असं 2017 साली मुंबई उच्च न्यायालयानंसुद्धा शिक्षण मंडळाला विचारलं होतं. दहावीला काही वर्षं 'सामान्य गणित' हा पर्याय होता, तोही बंद झाला. म्हणजे पोरांनी हा विषय ओझ्यासारखा शेवटपर्यंत वाहिला. दुसरं, भीती. सातवीत मला काळ-काम-वेगाचं उदाहरण जमलं नाही म्हणून अख्खा तास बाकावर उभं केलं होतं. उदाहरण मी विसरले. बाकावरून खिडकीबाहेरचं कडुलिंबाचं झाड दिसत होतं, ते अजून आठवतं. तुमच्या विषयाचं एवढंच माझ्याजवळ उरलं. आणि तिसरं, आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. बेरीज-वजाबाकीसाठी वर्ग कशाला हवा?

सर थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते बाकावर उभं करणं चूक होतं. आमच्या पिढीनं ती चूक खूप केली." आणि मग एकेक मुद्दा घेतला.

सर : फोन उत्तर देतो बेटा, प्रश्न देत नाही. काय विचारायचं ते तुलाच ठरवावं लागतं. आणि शाखा बदलली म्हणून गणित सुटतं का? तुझ्याच वर्गातली पोरं पहाटे उठून मैदानावर धावून राहिली, पोलीस भरतीसाठी. त्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरणाच्या शेजारीच अंकगणित आहे. तुझ्या तासाला बसतात फुकट, आणि त्या अंकगणितासाठी क्लासला पैसे भरतात.

मी : तिथं शिकवतात त्या युक्त्या. अर्ध्या मिनिटात पर्याय कसा निवडायचा, एवढंच. त्याला मी समज म्हणणार नाही.

सर : मीही म्हणत नाही. म्हणून तर महाविद्यालयानं शिकवावं म्हणतो. 2021 मध्ये 'निपुण भारत' आलं. त्यात लिहिता-वाचता येण्याच्या जोडीनं संख्याज्ञान आहे, पण ते तिसरीपर्यंतच्या लेकरांसाठी. इंग्लंडात 1959 च्या क्राउथर अहवालानं साक्षरतेला जोड म्हणून अंकांच्या साक्षरतेचा शब्द वापरला, आणि तो वापरला होता पंधरा ते अठरा वयाच्या मुलांबद्दल बोलताना. साहित्य शिकणाऱ्याला आकडे वाचता आले पाहिजेत आणि विज्ञान शिकणाऱ्याला भाषा, असा तो विचार. तो वयाला धरून होता. तिसरीनंतर आकडे वाढतच जातात नं?

मी पिशवीतून त्यांचा मसुदा काढला. सुवाच्य अक्षर, समास आखलेला. पहिल्या घटकात संच आणि त्यांचे प्रकार, दुसऱ्यात आव्यूह आणि निर्धारक, तिसऱ्यात घातांक, चौथ्यात चक्रवाढ व्याजाचं सूत्र आणि त्याची सिद्धता.

मी : सर, यात व्यवहार कुठे आहे? यात सिंदी कुठे आहे? माझ्या वर्गातली मुलगी संचांचे प्रकार पाठ करेल, परीक्षेत लिहील आणि घरी जाऊन वीजबिल वडिलांच्या हातात न वाचताच देईल. तिला वाटतं, 101 वं युनिट पडलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. शंभराच्या पुढचे तेवढेच वरच्या दरानं मोजतात, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. शिकवायचंच असेल तर फक्त हे शिकवा. बिल, हप्ता, काटापट्टी. बाकी सगळं काढा.

सर : आणि इथं माझा विरोध आहे.

पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

सर : शहरातल्या मोठ्या कॉलेजातल्या पोरानं बीजगणित शिकायचं आणि सिंदीच्या पोरीनं वीजबिल? गरिबाच्या लेकराला हिशोब आणि बाकीच्यांना गणित, ही वाटणी कोणी केली? चाळीस वर्षं मी पाहिलं, पायथागोरसचा सिद्धांत पटल्यावर मजुराच्या पोराचा चेहरा कसा होतो. त्याच्या घरी त्याचा काय उपयोग होता? काहीच नाही. पण आपल्यालाही हे समजू शकतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. उपयोग-उपयोग म्हणत तू ते त्याच्या हातून काढून घेऊन राहिली.

मी : हा वाद या जिल्ह्याला नवा नाही सर. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते. पुढे झाकिर हुसेन समितीनं आराखडा केला, सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघाचं काम उभं राहिलं. नई तालीम. हातातल्या कामातून सगळे विषय शिकायचे. टकळीवर सूत काढायचं आणि त्यातूनच गणित.

सर : आणि त्यातलं गणित काय साधं होतं? सुताचा नंबर कसा काढतात माहीत आहे? 840 वारांची एक लड. एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील तितका नंबर. म्हणजे सूत जितकं बारीक, तितका नंबर मोठा. वजन कमी आणि नंबर जास्त, हे व्यस्त प्रमाण. वर्गात फळ्यावर सांगून जे डोक्यात शिरत नाही, ते पोराच्या बोटांना कळत होतं.

मी : मग मी दुसरं काय म्हणते?

सर : पूर्ण ऐक. त्याच नई तालीमवर तेव्हाही आक्षेप होता, की गरिबांच्या मुलांना टकळी-चरख्यापाशीच ठेवायची ही सोय आहे. हेतू तसा नव्हता. पण जिथं सूत कातून झालं आणि व्यस्त प्रमाणापर्यंत कोणी नेलंच नाही, तिथं तो आक्षेप खरा ठरला. मला भीती त्याची आहे. सुरुवात सुतापासून कर, माझी ना नाही. पण पोराला सुतापाशीच सोडून देशील तर मी भांडीन.

त्या वाक्यानं मला अडवलं. माझ्या मनातली 'व्यवहारापुरतं' ही मर्यादा मुलांवरच्या प्रेमातून आली आहे असं मी समजत होते. तिच्यात त्यांच्याबद्दलचा कमी अंदाजही मिसळलेला आहे, हे मला त्या ओट्यावर पहिल्यांदा दिसलं. तरी माझा मुख्य मुद्दा तसाच उभा होता, आणि तो मी वर्गातल्या प्रसंगानं मांडला.

मी : मागच्या हंगामात मी वर्गात बाजारभाव वाचायला दिले. रोजच्या यादीत सिंदी (सेलू)ची ओळ असते. शेतमाल, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. समजा, कमीत कमी 6,800, जास्तीत जास्त 7,450 आणि सर्वसाधारण 7,350. मी विचारलं, सर्वसाधारण म्हणजे काय? बहुतेकांनी फोन काढले. दोन्हींची बेरीज, भागिले दोन. उत्तर आलं 7,125. मग गोंधळ उडाला. यादी चुकली की फोन?

सर : मग?

मी : मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. वडिलांबरोबर हर्रासाला, म्हणजे लिलावाला, जाते ती. म्हणाली, "मॅडम, सर्वसाधारण म्हणजे सरासरी नाही. ज्या भावात बहुतेकांचा माल गेला, तो. एखादी भिजलेली गाडी 6,800 नं गेली, म्हणून सगळ्यांचा भाव खाली येत नाही." सर, तिनं 'सर्वसाधारण' हा शब्द नीट वाचला. ज्यांनी बेरीज केली, त्यांनी शब्द वाचलाच नव्हता. माझं म्हणणं हेच आहे. ही मुलं आकड्यात अडत नाहीत, आकड्याभोवतीच्या शब्दांत अडतात. सरासरी, सर्वसाधारण, प्रमाण, पैकी, मागे, पेक्षा, पर्यंत. हे सगळे शब्द मराठीचे आहेत आणि ते शिकवायचं काम माझं आहे.

सर आनंदले. उठून त्यांनी आतून खडू आणला आणि ओट्याच्या फरशीवर आडवी रेघ मारली. रेघेच्या डाव्या टोकाला एक ठिपका, उजव्या टोकाजवळ दाटीनं दहा-बारा ठिपके.

सर : ती जे बोलली, त्याला आम्ही बहुलक म्हणतो. तुझी पोरगी बहुलक समजावून गेली, तिला कोणी नाव सांगितलं नाही इतकंच. आता तू म्हणते, शब्द तुझा. मी म्हणतो, हे ठिपके माझे. ठिपके काढले की दिसतं, माल कुठं दाटला आहे ते. हे चित्र एकदा डोळ्यांत बसलं की ती पावसाची सरासरीही अशीच तपासेल. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस पडला की अतिवृष्टी धरतात. पण मोजणारं यंत्र असतं एका ठिकाणी आणि मंडळात गावं किती तरी. तुझ्या गावावर ढग फुटला आणि यंत्रापाशी भुरभुर झाली, तर कागदावर काय येईल?

मी : हेच पैसेवारीचं. पेपरात येतं, 'अमुक गावांची पैसेवारी 50 च्या आत.' मुलं ती बातमी वाचून पुढे जातात. मी विचारलं, 50 कशाचे? कोणी म्हणालं रुपयातले, कोणी म्हणालं नुकसानभरपाईचे. प्रमाण उत्पादन रुपया धरलं तर यंदा किती पैसे पिकलं, हे त्या एका शब्दात आहे. आधी आणेवारी म्हणत, सोळा आण्यांपैकी किती. आणे गेले, पैसे आले, मोजायची रीत तीच राहिली. आणि सगळं ठरतं त्या प्रमाण उत्पादनावर. ते कशावरून धरलं, हा प्रश्न विचारायला गणिताची पदवी लागत नाही. मराठी वाक्य नीट वाचता आलं पाहिजे.

सर : कापसाच्या ओलाव्याचंही तसंच. सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर 8 टक्के ओलावा हा पाया. 12 पर्यंत कापूस घेतात, पण 8 च्या वर दर टक्क्याला भावात टक्काभर कपात. 12 च्या वर गेला की परत. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8,110. तुझ्या वर्गाला विचार, ओलावा 11 निघाला तर कपात किती?

मी : निम्मी मुलं 11 टक्के सांगतील. क्विंटलमागे 892 रुपये.

सर : आणि खरी कपात तीन टक्के. 243 रुपये. म्हणजे ज्यानं विचारलं नाही, त्याला कोणी 892 कापतो म्हटलं तरी खरं वाटेल. बेटा, टक्क्याच्या गणितातली नव्वद हिस्से चूक गुणाकारात होत नाही. 'कशाचे' हे विचारलं जात नाही, तिथं होते. कशाचे टक्के? कशाच्या वर? कशाच्या मानानं? मी चाळीस वर्षं टक्के शिकवले, पण हा प्रश्न मी फळ्यावर कधी मोठ्या अक्षरात लिहिला नाही. हे तुझ्याकडून घेतलं.

मी : पण सर, मला एका गोष्टीचं उत्तर अजून मिळत नाही. समजा, ती मुलगी तीन टक्के काढून केंद्रावर गेली. समोरचा माणूस म्हणाला, ओलावा 13 आहे, गाडी परत न्या. तिच्या गणितानं काय होणार? तिथं गाडीचं भाडं चढत असतं, मागं रांग असते, सूर्य कलत असतो. अडचण गणिताची नसते, ताकदीची असते. आपण तिला गणित शिकवतो आणि समाधान मानतो, असं होऊ नये.

सर : खरं आहे. गणितानं ताकद येत नाही. मी तसं खोटं सांगणार नाही. पण तू मघाशी एक गोष्ट सांगितली, बाकावर उभं राहिल्याची. तेव्हा तू मास्तरला विचारलं का, की हे उदाहरण मला पुन्हा सांगा?

मी : नाही. लाज वाटत होती.

सर : तेच म्हणतो. रांगेतला माणूस बोलत नाही, तो नुसता भीतीनं नाही. आपल्याला यातलं कळत नाही, बोललो तर हसतील, ही लाज असते. ज्याला तीनचा हिशोब माहीत आहे, तो निदान म्हणेल, "दुसऱ्या गंजीतला कापूस घेऊन पुन्हा मोजा." ऐकतील, नाही ऐकणार. पण तो मान खाली घालून परत येणार नाही. आणि असे दहा जण रांगेत असले, तर ऐकावंच लागेल.

नंदी घेऊन आणखी पोरं आली. सरांनी सुटी नाणी वाटली. अंधार पडू लागला होता. स्टेशनाकडून मालगाडीचा आवाज बराच वेळ येत राहिला. सरांच्या घरच्यांनी चहा आणून ठेवला. मी ज्या आणखी एका कागदासाठी आले होते, तो आता बाहेर काढला. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईनं शिलाई मशीन आणि इंटरलॉकसाठी 30,000 रुपयांचं कर्ज घेतलं होतं. 'बारा टक्के, दोन वर्षं, हप्ता 1,550.' विद्यार्थिनीनं मला विचारलं होतं, हे बरोबर आहे का? मला सांगता आलं नव्हतं.

मी : सर, हे मी मराठीनंच सोडवायचा प्रयत्न केला. कशाचे बारा टक्के? कर्ज देणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच्या 30,000 चे धरले. वर्षाला 3,600, दोन वर्षांचे 7,200. एकूण 37,200, भागिले 24, बरोबर 1,550. पण आईकडे 30,000 दोन वर्षं राहिले कुठे? ती तर दर महिन्याला परत करते आहे. सुरुवातीला 30,000 आणि शेवटी जवळपास शून्य. मध्ये सरासरी 15,000 धरले, तर वर्षाला 3,600 म्हणजे चोवीस टक्के झाले. एवढं मी रात्री बसून काढलं. पण मला खात्री नाही. बाराचे एकदम चोवीस कसे होतील?

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, गणितासाठी माझ्याकडे अशा नजरेनं आयुष्यात कोणीच पाहिलं नव्हतं.

सर : हे तू काढलं? मग तू अर्ध्याहून जास्त रस्ता आली. चोवीस हा चांगला अंदाज आहे. पण नेमका नाही, आणि का नाही ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या हप्त्यांत व्याज जास्त जातं, मुद्दल कमी फिटतं. म्हणून बाकी आधी हळू उतरते. सरासरी 15,000 च्या वर राहते, म्हणून खरा दर चोवीसच्या खाली येतो. किती खाली?

मी : त्याचं सूत्र असेल.

सर : हप्ता काढायचं सूत्र आहे. पण हप्त्यावरून दर काढायचा सरळ सूत्रानं येत नाही. अंदाज धरायचा, तपासायचा, पुन्हा धरायचा. कोष्टक मांड. 24 ओळी. दर महिन्याला बाकीवर व्याज मिळवायचं आणि 1,550 वजा करायचे. महिन्याला एक टक्का धर, म्हणजे वर्षाचे बारा. शेवटच्या ओळीला काय निघतं? तिनं 3,700 रुपये जास्त भरलेले निघतात. म्हणजे दर बारा नाही. आता दोन टक्के धर, तुझे चोवीस. शेवटी अकराशेच्या आसपास बाकी उरते. म्हणजे दर दोनच्या खाली. पावणेदोन धर. अडीचशे जास्त भरलेले निघतात. म्हणजे त्याच्या थोडा वर. एक पूर्णांक आठ दशांश धर. शेवटी बारा-तेरा रुपये उरतात. सापडला. वर्षाला 21.6 टक्के.

मी : आणि खरंच घटत्या बाकीवर बारा टक्के असते तर?

सर : हप्ता 1,412 पडला असता. महिन्याला 138 रुपयांचा फरक. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सगळे खर्च धरून खरा वार्षिक दर सांगणारं पत्रक कर्जदाराला द्यावं लागतं. ते पान कागदांत असतं. ते शोधायचं असतं, हेच माहीत नसतं.

मी ते आकडे त्याच कागदाच्या मागे उतरवून घेतले. एक, दोन, पावणेदोन, एक पूर्णांक आठ. दर पायरीला खरं उत्तर दोन्हीकडून जवळ येत होतं. शाळेत माझ्या मनावर बिंबलं होतं, की गणितात उत्तर एकदम बरोबर येतं किंवा एकदम चुकतं, आणि चुकणाऱ्याला बाकावर उभं राहावं लागतं. चुकत चुकत, प्रत्येक चुकीचा उपयोग करून घेत उत्तराकडे जायची रीतही गणितातच आहे, हे मला या वयात कळत होतं. मी कवितेचा अर्थ लावायला असंच शिकवते.

मी : सर, या 'पावणेदोन'वर एक विचारू? माझी मुलं पावणेदोन ऐकतात आणि 1.75 लिहीत नाहीत. पूर्वी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ असायची. आता दोन्हीतला पूल तुटला. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीनं 'वीस एक' आलं, तेव्हा मी भाषेच्या बाजूनं चिडले होते. मंगला नारळीकरांच्या समितीचं ते काम. आज वाटतं, त्यांना दिसलं होतं ते मला दिसलं नव्हतं. 53 लिहिताना आधी पाच आणि मग तीन, ऐकताना आधी 'त्रे' आणि मग 'पन्न'. लेकरू तिथंच अडखळतं.

सर : 'त्रेपन्न' जाऊ नये आणि लेकरू अडखळूही नये. दोन्ही बोलीत शिकवायचं. पावणेदोन, 1.75 आणि शंभराला पावणेदोन रुपये, तिन्ही शेजारी-शेजारी लिहायचे. मी घेतो ते.

मी : म्हणजे अभ्यासक्रम बदलायचा?

सर : संच काढतो. निर्धारक काढतो. त्यांच्यावर माझा जीव आहे, पण पहिल्या सत्रात ते नकोत. चक्रवाढीची सिद्धता मात्र मी काढणार नाही. तुझ्या बाईचं 24 ओळींचं कोष्टक मांडून मांडून पोरं थकली, की त्यांच्यातलंच कोणी तरी विचारेल, "सर, हे एका ओळीत होत नाही का?" त्या दिवशी बीजगणित उघडीन. त्यांनी मागितल्यावर.

मी : आणि कोणी मागितलंच नाही तर?

सर : तर मी शिकवण्यात कमी पडलो असं समजेन. पण दार बंद ठेवणार नाही.

एका गोष्टीवर आमचं त्या रात्री जमलं नाही, आणि अजूनही जमलेलं नाही. सरांना लेखी परीक्षा हवी. परीक्षेशिवाय आपल्याकडे विषयाला किंमत मिळत नाही, असं ते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. मला वाटतं, घड्याळ लावून घेतलेली परीक्षा त्याच जुन्या बाकावर मुलांना पुन्हा उभं करेल. मी सुचवलं, की प्रत्येकानं घरातला एक खरा कागद घ्यावा, त्याचा अर्थ एका पानात मराठीत लिहावा आणि तो ज्याचा आहे त्याला वाचून दाखवावा. गुण त्याला. सर म्हणाले, "अर्धे गुण त्याला, अर्धे माझ्या पेपरला." तिथं आम्ही थांबलो.

बाकीचं मात्र ठरलं. हा विषय गणिताचा एकटा शिक्षक घेणार नाही आणि मराठीचा एकटाही नाही. एक तास वाचनाचा, एक तास मांडणीचा. पहिल्या तासाला फळ्यावर पुस्तकातलं एकही उदाहरण येणार नाही. मुलांनी घरून आणलेले कागद येतील: बिलं, काटापट्ट्या, हप्त्यांची पुस्तकं, विम्याच्या पावत्या. नावं झाकून. आणि फळ्याच्या डोक्यावर सत्रभर न पुसता दोनच शब्द राहतील: 'कशाचे टक्के?'

माझा विरोधाचा अभिप्राय पिशवीतच राहिला. निघताना मी सरांना म्हटलं, त्या बाईला मी नुसता 21.6 हा आकडा सांगणार नाही. ते कोष्टक तिच्यासमोर, तिच्या मुलीच्या हातानं मांडणार आहे. पण त्याआधी मला ते एकदा स्वतः, पहिल्या ओळीपासून मांडायचं आहे, आणि चुकलं तर विचारायला यायचं आहे.

सरांनी खडूचा उरलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि फरशीकडे बोट केलं. "आत्ताच बस," ते म्हणाले. "पहिली ओळ. बाकी तीस हजार."

मी पायरीवर खाली बसले आणि लिहायला सुरुवात केली. तीस हजारांवर एक पूर्णांक आठ टक्के, 540. वजा 1,550. बाकी 28,990.